सुतकातल्या घरातले इन्सुलिन

अण्णा, तुमची सून गेली. दीड महिना झाला. तुम्हाला जाऊन तीस वर्षे होतील; एवढ्या काळात तुम्हाला काही कळवावे असे मला कधी वाटले नाही. आज वाटते आहे, ते मायेने नव्हे.

आजी वारली तेव्हा मी पाचवीत होतो. चौथ्या दिवशी वर्गमित्र त्याचे भूगोलाचे पुस्तक मागायला आला आणि मी ते खिडकीतून दिले. तुम्ही मला भर उन्हात त्याच्या घरी पिटाळलेत, पुस्तक परत आणवलेत आणि सोयऱ्यांसमोर म्हणालात, "सुतक फिटंस्तोवर ह्या घरातली काडीबी बाहीर जाणार न्हाय. उद्या कॉलेजात गेलास तरी ध्यानात ठेव." मी कॉलेजात गेलो, तिथेच शिकवून निवृत्त झालो, आणि ध्यानात ठेवले. तुमच्या शिकवणीचे याहून मोठे यश मला दाखवता येणार नाही.

आमच्या शेजारी आठ वर्षांची एक मुलगी आहे. तिला मधुमेह आहे. रोज इन्सुलिन टोचले नाही तर ती जगणार नाही. तिच्या घरी फ्रिज नाही, गावात औषधाचे दुकान नाही. तुमची सून दर महिन्याला सोलापूरहून बाटल्या आणी आणि आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवी. डब्यावर तिच्या अक्षरात अजून लिहिलेले आहे, 'बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.' एक बाटली संपली की मुलीची आई दुसरी घेऊन जाई. आजारी लेकरांसाठी या थोर देशाने आमच्या गावात केलेली व्यवस्था एवढीच होती: एक बाई आणि तिचा फ्रिज.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलीची आई दारात उभी आहे. वाशीला दिलेली आपली अक्का उंबऱ्यातूनच सांगते, "अगं, सुतकातलं औषध लेकराच्या अंगात घालतीस व्हय? दहावा होऊ दे."

"अक्का, घरातली बाटली सकाळी संपली वो."

"मग तवर गोड देऊ नगंस, म्हंजी झालं."

सतरंजीवर बसलेले आपले मामा खिसा चाचपत म्हणतात, "माझी शुगरची गोळी हाय बग. अर्धी देऊ का?" असे हे आपले ज्ञानी कुळ.

दुसऱ्या दिवशी मुलीला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. तालुक्याच्या दवाखान्याच्या फाटकावर 'मधुमेहमुक्त तालुका' असा फलक झळकतो. आत डॉक्टरांनी आईलाच विचारले, "एवढ्याशा लेकराला कुठं शुगर असती व्हय? गोड लई खाती का?" नर्सने फ्रिज उघडला, तेव्हा आईला आत कुत्रा चावल्यावरची लस दिसली आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी थंड पेयाच्या बाटल्या. इन्सुलिन नव्हते. जीप करून धाराशिवला पोहोचेपर्यंत मुलीची शुद्ध हरपली होती. पाच दिवसांनी ती घरी आली. ती वाचली, यात तुमचा, माझा किंवा त्या फलकाचा काडीमात्र वाटा नाही.

आता सोलापूरला मी जातो. परवा तिची आई बाटली न्यायला आली, तेव्हा म्हणाली, "सर, तुमच्यावर राग न्हाय. तुमाला ठावं असतं तर तुमी दिलीच असती. अक्कांनीच घात केला." मी चष्मा पुसत राहिलो. अख्ख्या गल्लीने अक्काला बोल लावले आणि मी ते लावू दिले.

वास्तविक उंबऱ्यावर जाण्यापूर्वी अक्का माझ्याकडे आली होती. हातात फ्रिजमधून काढलेली बाटली होती. तिने हळूच विचारले होते, "देऊ का रं? तू शिकलेला हाइस, तू सांग." मी नकारार्थी मान हलवली. तिने हे आजवर कोणाला सांगितलेले नाही.

तुमच्यावर दोष ठेवावा म्हणून हे लिहायला बसलो. पण त्या खोलीत तुम्ही नव्हता. खरे तर हे त्या मुलीच्या आईला सांगायला हवे. तुम्हाला सांगणे सोपे आहे, म्हणून तुम्हाला लिहिले.