तुझा डावा, माझा उजवा

माय, या अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तुझी नात घरी आली नाही. चेन्नईला नोकरी, सुट्टी मिळाली नाही. पण पुरणाचे मांडे तिने तिकडे केले आणि ते फाटले नाहीत, हे आधी तुला सांगून टाकते. तू गेल्यापासून माझ्या जिवाला हाच घोर होता, की तुझ्या हातचं माझ्यापर्यंत आलं आणि इथेच संपतंय की काय. आपल्या ब्राह्मणपुरीतही आता मांडे ऑर्डर देऊन आणतात.

मी तुझ्या बाजूला बसून शिकत होते तेव्हा मांडा उलट्या खापरावर पडायच्या आधीच फाटायचा. तू डावखुरी. म्हणून लग्नकार्यात तुला कुणी खापराजवळ बसू दिलं नाही. डाळ निवडायला बसवायचे आणि तू हसत निवडायचीस. मला त्याचा अजून राग येतो. एक दिवस तू माझा पाट ओढलास आणि म्हणालीस, "मन्हा समोर बठ. मन्हा डावा तो तुन्हा जेवना." जेवायचा हात तो जेवना, म्हणजे उजवा. मी समोर बसले आणि हात आपोआप चालायला लागले.

आता पोरगी फोनवर. व्हिडिओ कॉल लावून मी उजव्या हाताने मांडा फिरवतेय, तीही उजव्या हाताची, पण समोर बघून डाव्याने फिरवतेय, आणि तो फाटतोय. खापर नाही म्हणून तिने लोखंडी कढई उलटी टाकलेली. तुझा उजवा म्हणजे माझा कुठला, यावरून आम्ही चांगल्या भांडलो. शेवटी मी फोन डब्याला टेकवला, स्वतःला बघायच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढला आणि पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "आई, मांडा फाटना नही." एरवी ती अहिराणी बोलत नाही. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले, इतकं हलकं वाटलं.

तो कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो, हे तिनेच मला सांगितलं. माझा उजवा तिच्या उजव्यासमोर आला, म्हणूनच तिला समोर बघून जमलं. व्हिडिओ सुलटा करून देऊ का, असं विचारत होती. मी नको म्हटलं. का, ते फक्त तुला लिहितेय, तेही पाठवायला पत्ता नसताना. तुझा काम करतानाचा एकही फोटो आमच्याकडे नाही, माय. या व्हिडिओत माझा उजवा हात डावा दिसतो. दुपारी घरात कुणी नसलं, की मी आवाज बंद करून तो लावते आणि समोर बसते.