लोहपुरुषाची शुभेच्छुक

३ ऑगस्ट २०२५, रविवार

सांगून आला नवरा! मला न विचारता, परस्पर. "नोव्हेंबरात मी कोल्हापूरला ट्रायथलॉन करतोय" — अख्ख्या बेलापूर गावात. 'मी' म्हणे!

नाव आधी मी नोंदवलं होतं. मे महिन्यात, माझ्या रक्त-तपासणीच्या लॅबमध्ये बसून, कुणाला न सांगता. जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं — सगळं एकाच दिवशी, एकापाठोपाठ. सदतिसाव्या वर्षी मला काहीतरी एक हवं होतं, ज्यात घरातल्या कुणाचा वाटा नसेल. जूनमध्ये आदिनाथने माझ्या मोबाईलवर मेसेज पाहिला. "अरे वा, मग मी पण! तुला सोबत होईल." झालं. सोबत मागितली कुणी होती?

तोंडाने 'अहो' म्हणते. इथे आदिनाथ. इथे तरी.

११ ऑगस्ट

नेवासा रस्त्याला सायकल पंक्चर. तीन गाड्या थांबल्या. "ताई, मालक कुठंयत?" "कुनी घ्यायला येनार हाय का?" एका बाबांनी तर सायकल उचलून टेम्पोत टाकायलाच घेतली. पंक्चर मी स्वतः काढलं, तर ते बघायला गर्दी!

परत आले तर लॅबसमोर रक्त द्यायला उपाशीपोटी आलेली माणसं तणतणत बसलेली. उपाशी मीही होते, पण ते कुणाला सांगणार.

१९ ऑगस्ट

सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले. आदिनाथसाठी. "लई राबतंय पोरगं." पोरगं आज वीस किलोमीटर सायकल चालवून आलं आणि अंगाला तेल लावून पडलं. मी साठ करून आले आणि भाकरी थापल्या. माझ्या बाळंतपणात हाच लाडू रोज एकच मिळायचा, तोही वरच्या डब्यातून काढून हातावर.

चार चोरून खाल्ले. छान झालेत.

२ सप्टेंबर

तलावावर बायकांची बॅच दुपारी. म्हणजे जेवण बुडवून जायचं. अर्ध्या बायका पाण्यात उभ्या राहून सुनांबद्दल बोलतात, त्यांना वळसा घालून पोहायचं. माहेरी विहीर होती आमची, पण मुलींनी काठावर धुणं धुवायचं, पोहायचं ते भावांनी. मी शिकले ते गेल्या वर्षी. नुसता चेहरा पाण्यात घालायला किती दिवस घेतले! अजूनही नाकात पाणी गेलं की काठ पकडते. संथ आहे मी. फारच संथ. आणि ठरलेल्या वेळेत पाण्याबाहेर आलं नाही तर तिथेच बाद, सायकलला हातही लावू देत नाहीत. हीच एक भीती दिवसभर पोटात घेऊन फिरते.

आदिनाथ मात्र निवांत! मळ्यातल्या विहिरीत धावत येऊन उडी मारतो, मान वर काढून गोल गोल फेऱ्या घालतो, मग पायरीवर बसून गप्पा. "पाण्याचं मला टेन्शन नाही. मी पाच वर्षांचा होतो, बाबांनी पाठीला डबा बांधून दिलं ढकलून!" डब्याची गोष्ट आता मला पाठ झाली आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

धरणाच्या फुगवट्यावर सराव. वाल्मिक होडीत — आदिनाथचा जिवलग, मंडपवाला. समोरच्या काठावरच्या बाभळीपर्यंत जाऊन परत यायचं ठरलं.

आदिनाथ सुसाट निघाला. मी मागे, नेहमीप्रमाणे. मध्येच डोकं वर काढून पाहिलं तर तो नाहीच!  मग दिसला — लांब डावीकडे, वळत वळत, निघालो त्याच काठाकडे चाललेला. वाल्मिक होडीतून ओरडतोय, "आदिभाऊ, तिकडं कुठं? सासुरवाडीला निघाला काय?"

माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. विहीर! लहानपणापासून गोल विहिरीत एकाच बाजूने फिरतोय हा माणूस. सरळ जायची त्याच्या हातांना सवयच नाही. म्हटलं, तलावावर या ना, पुरुषांची बॅच तर सकाळीच असते. तर हसला. "वाऱ्याने नेलं गं. तू मला पोहायला शिकवणार?" वाल्मिकही हसला. मी बाभळीपर्यंत जाऊन आले होते. ते कुणी पाहिलंच नाही.

१ ऑक्टोबर

लॅब. भाकरी. पाऊस. पाय दुखतात. कशासाठी करतेय हे सगळं?

२२ ऑक्टोबर, पाडवा

चकल्या, करंज्या, पाहुणे, परत पाहुणे. आठवडाभर सायकलला हात नाही. निकिता — माझी नणंद — म्हणाली, "वहिनी, तुम्ही पण जाताय ना दादासोबत? बरं झालं. त्याचं हवं-नको बघायला कुणीतरी पाहिजेच."  चकलीचा घाणा करपला माझा.

संध्याकाळी त्याला ओवाळलं. ताटात हेल्मेट ठेवलं त्याने. भारीतलं, माझ्या मापाचं, मला आवडतो तसल्या निळ्या रंगाचं. महिनाभराचं साचलेलं आज बोलून टाकायचं ठरवलं होतं. आता हेल्मेट हातात घेऊन काय बोलणार? बोलायचं राहिलं.

१० नोव्हेंबर

फ्लेक्स!! वेशीजवळ, ट्रॅक्टरएवढा. 'लोहपुरुष आदिनाथभाऊ यांनी ट्रायथलॉन स्पर्धा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' स्पर्धा अजून व्हायची आहे. वाल्मिकला विचारलं तर म्हणतो, "वैनी, निवडनुका आल्यात. नंतर फ्लेक्सवाला उभा करत न्हाई. म्हनून आदीच छापून घेतला." फोटोत आदिनाथ गॉगल लावून सायकलवर बसलाय. सायकल माझी आहे.

आणि मी? आहे की! खाली शुभेच्छुकांच्या रांगेत. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि त्यांच्या शेजारी 'सौ. रेश्माताई' — कुणाच्या तरी लग्नातला फोटो, नथीसकट कापून लावलेला.

आदिनाथला म्हटलं, उतरवा ते. "अगं, पोरांनी हौसेनं लावलंय. त्यांचं मन कशाला मोडायचं?" न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मग टाकीतलं पाणी संपेल म्हणून नळ बंद केला आणि तशीच रडले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गाडीत लिहितेय. तो चालवतोय.

मी केलं. काल. पूर्ण केलं!

पाण्यात सुरुवातीला कुणाची तरी लाथ बसली, चष्मा सरकला, दोनदा पाणी प्यायले. एका तरंगत्या फुग्याकडे बघायचं, तिथे पोचलं की पुढच्याकडे. वेळ संपत आली तेव्हा काठ आला. तशीच सायकलपाशी गेले तर शेजारी त्याची सायकल तशीच उभी! तो माझ्या आधी यायला हवा होता. आला नव्हता. तिथल्या मुलीला नंबर सांगून विचारलं, तिने वॉकीटॉकीवर विचारलं. "बोटीत आहेत. ठीक आहेत. लांब गेले होते, वेळेत नाही आले."

ठीक आहेत म्हणाली. तरी क्षणभर थांबले. जावं का त्याच्याकडे? मग हेल्मेट घातलं आणि निघाले. मागे वळून पाहिलं नाही. हे लिहितानाही भीती वाटते, पण नव्वद किलोमीटर मला त्याची आठवणही आली नाही.

शेवटच्या रेषेपलीकडे तो उभा होता. हातात माझा टॉवेल. "जमलं तुला," म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका उतरलेला होता की मला माझा आनंदही नीट करता आला नाही. याचाही राग आला.

मघाशी सासूबाईंचा फोन. "लवकर या रं, ढोलवाले कवाचे बसल्यात!" फोन ठेवल्यावर आदिनाथ एवढंच म्हणाला, "घरी लगेच सांगू नको." मेडल पर्समध्ये आहे.

१८ नोव्हेंबर

काल उतरल्या उतरल्या हार. त्याच्या गळ्यात. ढोल, फटाके, पेढे. मी सामान उतरवत होते.

सरपंचांनी माईक त्याच्या हातात दिला. त्याने आधी गळ्यातला हार सारखा केला. मग म्हणाला, "मंडळी, मला पाण्यातनं बाहेर काढलं. मी काहीच पूर्ण केलं नाही. केलं ते हिने." माझ्या हातातली बॅग खाली पडली.  वाटलं, आता!

सरपंचांनी माईक घेतला. "बघा, याला म्हनत्यात मोठं मन! बायकोसाठी एवढा कमीपना कोन घेतो?" टाळ्याच टाळ्या! वाल्मिक तर रडला. पोरांनी आदिनाथला खांद्यावर घेतलं. शेजारची राहीबाई माझा हात धरून म्हणाली, "नशीबवान हायेस पोरी. असा नवरा मिळायला पुन्य लागतं."

हार त्याच्याच गळ्यात राहिला.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चहा पिताना आदिनाथ म्हणाला, "पुढच्या वर्षी दोघं परत नाव देऊ. मी तलावावर येतो, तू शिकव मला."

म्हटलं, शिकवते. पण स्पर्धेला मी एकटी जाणार.

त्याने कप खाली ठेवला. मला वाटायचं, हे बोलले तर सगळे घर डोक्यावर घेतील. काही झालं नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "दूध उतू चाललंय." त्यानेच उठून गॅस बंद केला.

एवढं एकच वाक्य होतं. जूनमध्येच बोलायला हवं होतं.