नातं नसल्याबद्दल आभार

शेवगाव,
एप्रिल १९७३

माननीय श्री. सूर्यभानराव यांच्या पायांवर, त्यांच्याशी कसलंही नातं नसलेल्या गहिनीनाथाचं डोकं.

(मायना असा वाकडा का, ते पुढे येईल. सरळ मायना लिहायला मी बसलो होतो, त्यातली दोन अक्षरं लिहूनही झाली होती. पण टेबल सरकारी, दौत सरकारी आणि समोर आमचे हेडक्लार्क सुपारी कातरत बसलेले. खोडून टाकली.) आपण स्वतःच्याच चष्म्यावर बसलात आणि तेव्हापासून पत्रं शांतवन मास्तरांकडून वाचून घेता असं कळलं, म्हणून मास्तरांनाही नमस्कार. मास्तर, कंसातला मजकूर फक्त आपल्यासाठी आहे, तो मोठ्याने वाचू नये. (वाचलात तरी माझी तक्रार नाही.)

आपली प्रकृती कशी आहे? आपल्या घरातल्या मंडळींचा गुडघा आता जिना चढू देतो का? (त्यांनाही काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे, पण तूर्त 'मंडळी'.) तांबडी गाय दुष्काळातल्या गुरांच्या छावणीत आहे असं ऐकलं. तिथे तिची शिंगं रंगवून ठेवा, म्हणजे परत आणताना दुसऱ्याची गाय घरी यायची नाही. मनकर्णाताई सासरी खुशाल असेलच. इकडे मी ठीक आहे. गोदामात दिवसभर मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या तांबड्या ज्वारीची, पोती मोजतो आणि रात्री खाणावळीत त्याच मिलोची भाकरी खातो. तिचा रंग बघून जेवायचं नसतं, एवढं शिकलो आहे.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे आहेत. सरकारी धान्य गोदामातली ही कारकुनाची जागा मला आपल्यामुळे मिळाली. गावात कोणी म्हणेल की परीक्षेत नंबर आला म्हणून मिळाली, आई म्हणेल की तिने शिंगणापूरला शनीला तेल बोललं होतं म्हणून मिळाली. पण परीक्षा आणि शनी यांच्यापुढे पोलीस असतात, हे दोघांनाही माहीत नव्हतं. नेमणुकीच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की उमेदवाराच्या चारित्र्याची पोलिसांमार्फत पडताळणी होईल, आणि गावातल्या निदान एका प्रतिष्ठित माणसाने त्याच्याबद्दल सांगावं, मात्र तो माणूस उमेदवाराच्या नात्यातला नसावा. मी एक सोडून दोन, सरपंच राधाकृष्ण पाटलांचं आणि मास्तरांचं, नावं लिहून मोकळा झालो. आता यात काय बिघडणार, असं मला वाटलं. आपल्या गावात जन्माला येऊन असं वाटायला नको होतं.

जमादार सायकलवरून आले तो दिवस आपल्याला आठवत असेलच. चावडीवर बसून त्यांनी माझं नाव विचारलं आणि अर्ध्या गावाला वाटलं, मला धरून न्यायला आले. आईने तर तुरुंगात खायला म्हणून दशम्या थापायला घेतल्या. (कशासाठी धरतील, हे तिने विचारलं नाही. माझ्या चारित्र्याबद्दल तिचं मत मला त्या दिवशी कळलं.) मग कोणीतरी सांगितलं की धरायला नाही, नोकरीसाठी विचारायला आलेत, आणि गाव नुसतं उसळलं. जो तो मला मदत करायला धावला. आणि मदत म्हणजे काय? जितकं नातं जवळचं, तितका शब्द वजनदार, हा आपल्याकडचा हिशेब. सरपंच म्हणाले, "आमच्यात आन् त्याच्यात काय फरक न्हाई, पुतन्याच समजा." जमादार म्हणाले, "समजू, का हाय?" सरपंच छाती काढून म्हणाले, "हायच की!" जमादारांनी त्यांच्या नावावर काट मारली.

मग मास्तर. (मास्तर, हे वाचताना आपण खोकणार, खोका.) मास्तरांनी मला पहिलीपासून शिकवलं, चर्चच्या आवारात बसवून इंग्रजी करून घेतलं. आमचं त्यांचं ताट वेगळं, देऊळ वेगळं, तेव्हा निदान हा एक माणूस तरी नात्याबाहेरचा निघेल अशी माझी खात्री होती. मास्तर म्हणाले, "हा मला मुलासारखा. सारखा कशाला, मुलगाच." जमादारांनी माझ्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं, मास्तरांच्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "प्रभूच्या घरी भेद नाही." जमादार म्हणाले, "प्रभूच्या घरी नसंल, फारमात हाय." दुसरी काट.

त्यानंतर तर रीघच लागली. भागूबाई म्हणाली, "माझ्या अंगावर पिऊन वाढलाय त्यो." साळूबाई म्हणाली की तिने मला मांडीवर घेऊन कान टोचून घेतले, म्हणजे ती मावशीच. गिरणीवाला छगन तर पीठ झटकत आला आणि मी त्याचा साडू आहे असं सांगून बसला. माझं लग्न झालेलं नाही, हे मी त्याच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, "माझी बायकू केडगावची, तुला ठरलेली पोरगी केडगावची. झालो का न्हाई?" जमादारांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि विचारलं, "आख्ख्या गावात या पोराचा परका असा एक मानूस न्हाई का?" सगळे एकमेकांकडे अभिमानाने बघायला लागले. असं प्रेमाचं गाव तालुक्यात दुसरं नाही, असंच प्रत्येकाच्या तोंडावर होतं. जमादारांनी पिशवी बांधली आणि म्हणाले की आता शेरा एकच, नात्याबाहेरचं कोणी मिळालं नाही. तो शेरा गेला असता तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. जागा गेली की केडगावचंही गेलं, कारण चांगुणाच्या वडलांनी साखरपुड्यातच सांगून ठेवलं होतं की नोकरी पक्की झाल्याशिवाय तिथी धरणार नाही. मी लिंबाखाली उभा होतो.

आणि तेव्हा आपल्या ओट्यावरून आवाज आला, "ओ जमादार. मी परका हाय. ल्ह्या."

आपण गाईचं दावं वळत बसला होता, मान वर न करता. आपलं आणि आईचं का बिनसलं, हे गावाला पाठ आहे, पण मास्तरांना धड माहीत नसेल म्हणून लिहितो. आपल्या मुलीच्या, मनकर्णाताईच्या, लग्नाच्या धांदलीत आईला अक्षता द्यायला आपण स्वतः आला नाहीत, गुरवाच्या हाती पाठवल्यात. मधे भिंत एकच, दार शेजारी, आणि सख्ख्या बहिणीला अक्षता गुरवाच्या हाती! आई लग्नाला आली नाही. सनई भिंतीतून ऐकत घरात पोहे निवडत बसली. आणि सख्खी आत्या लग्नाला आली नाही म्हणून आपण भर मांडवात सांगितलंत की आजपासून मला बहीण नाही. तेव्हापासून भाऊबीजेला आई अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते. ते ओवाळणं ती भिंतीला लागूनच का करते, आणि नेमक्या त्याच वेळी भिंतीपलीकडे आपल्याला खोकला का येतो, हे मी कधी विचारलं नाही.

तर जमादारांनी विचारलं, "गहिनीनाथ तुमचा कोन?" आपण म्हणालात, "कोनी न्हाई." जमादार म्हणाले, "मग त्याच्याबद्दल काय सांगता?" आणि आपण सांगायला लागलात, ते थांबेचनात. आपला बैल आमच्या चाऱ्याच्या कडवळात शिरला, तेव्हा मी न भांडता त्याला पाणी पाजून आपल्या दारात बांधून गेलो, ते सांगितलंत. मॅट्रिकच्या साली मला टायफॉईड झाला होता तरी पेपर बुडवला नाही, ते सांगितलंत. गोवर कोणत्या उन्हाळ्यात आला, पहिल्यांदा खोटं बोललो ते कशापायी आणि त्याबद्दल मार कसा खाल्ला, तेही. (ते सांगायची गरज नव्हती.) जमादार लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "नातं न्हाई म्हनता, आन् पोराचा गोवर ठाव हाय?" आपण म्हणालात, "भिंत एकच हाय. ऐकू येतं."

आपण अंगठा न उठवता सही केलीत, जमादार गेले, आणि आपण माझ्याकडे न बघता आत गेलात. मी पाया पडायला येणार होतो, पण परक्याच्या पाया पडलेलं जमादारांनी वळून पाहिलं असतं तर सगळंच बिघडलं असतं. घरी आलो तर आई दाराआड बसून रडत होती. मला वाटलं, 'कोनी न्हाई' ऐकून रडते. ती म्हणाली, "किती दिसांनी त्यानं माझ्या पोराचं नाव घेतलं."

आपले उपकार कसे फेडू, हे खरोखर कळत नाही. गावाच्या प्रेमाने माझी नोकरी घालवत आणली होती, ती आपल्या अबोल्याने वाचवली. आता इथे हमालांची भरती आहे आणि त्यांचे कागद भरायचं काम साहेबांनी माझ्यावरच टाकलं आहे. तेही बिचारे साक्षीला चुलते-मावसे घेऊन येतात. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, "गावात तुझं कोणाशी बोलणं नाही? त्याला घेऊन ये." कागद भराभर पास होतात. साहेबांना माझ्या हुशारीचं कौतुक वाटतं. ती कोणाकडून शिकलो, हे मी त्यांना सांगत नाही.

मंडळींना नमस्कार, गाईला आठवण.

आपला कोणीही नसलेला,
गहिनीनाथ

ता. क. : नोकरी पक्की झाल्याचं कळताच केडगावकरांनी वैशाखातली तिथी धरली. आपण लग्नाला यावं ही विनंती. मात्र पोलिसांच्या दप्तरात आपण परके आहात, म्हणून पत्रिकेत आपलं नाव 'गावकरी मंडळी' या सदरात छापतो आहे. मांडवात जरा मागे, छगनच्या शेजारी बसावं. राग मानू नये.

ता. क. दुसरा : वरचं पत्र टाकायचं राहिलं आणि मधेच आई मला भेटायला शेवगावला आली. तिला वाचून दाखवलं. 'गावकरी मंडळी'पर्यंत आलो आणि तिने पत्र हातातून ओढून घेतलं. म्हणाली, "आग लागो तुझ्या नोकरीला. माझा भाऊ पाठीशी उभा ऱ्हायल्याबिगर तू पाटावर चढायचा न्हाईस." मी कायदा सांगितला. तिने कायद्यालाही एक शिवी दिली. शेवटी मी घाबरत जमादारांकडे गेलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "मी लिवलं ते त्या दिवशीचं. त्या दिवशी तुमचं नातं न्हवतंच, आख्ख्या गावाला ठाव हाय. आजचं मला कुनी इचारलेलं न्हाई." आणि म्हणाले, "तसंबी तुझं नाक कुनाचं हाय, ते मला लांबनंच दिसलं हुतं." मग प्रेसवाल्याकडे धावत गेलो. नाव आता सगळ्यांत वर आहे, आपल्या खऱ्या सदरात.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हे : आई सोमवारी गावी परत येते आहे. पिशवीत कुंकवाच्या अक्षता आहेत. मी म्हटलं, इथून गुरवाचा मुलगा चालला आहे, त्याच्या हाती आधी पाठवू का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी तिच्याच हातात दिली. ती स्वतः येणार आहे. तेव्हा सोमवारी शेतात जाऊ नका, छावणीतही जाऊ नका, ओट्यावर दावं वळत बसा. ती पहिल्यांदा काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका, नुसता हात पुढे करा. आणि तिने मला खोदून खोदून एकच विचारलं आहे, 'कोनी न्हाई' म्हणताना तिच्या भावाने मान वर केली होती का? मी सांगितलं, नाही, आणि त्या वेळी दावं उलटं वळलं गेलं होतं, ते तुम्हाला सगळं उलगडावं लागलं.

मामा, घरीच राहा.

तुमचा भाचा,
गहिनीनाथ