एका कुशीवर जेवणारी दोघं

३ मार्च, मंगळवार
नापास. लिहून टाकते, म्हणजे सलत राहणार नाही. म्युझियमच्या गाइडची चाचणी फेरी, आणि मी इटलीतल्या प्राचीन इट्रुस्कन लोकांच्या देवळांच्या कौलांवरच बोलत सुटले. लाकडी खांब, कच्च्या विटा, आढ्यावर ओळीनं उभे केलेले मातीचे देव... पाहुण्यांतले एक काका चक्क बाकावर जाऊन बसले. परीक्षक लिमबाई शेवटी म्हणाल्या, "रूफ व्हेरी गुड. बट पीपल व्हेअर?" दुसरी संधी पुढच्या शनिवारी. तीही गेली तर बसा घरी, नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर. पुण्यातलं ऑफिस सोडून या परदेशात आल्यापासून माझं स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम. हवंय मला ते. फार हवंय.

५ मार्च, गुरुवार
नवरा, संजू, मेपर्यंत जहाजावर. सासूसासरे, आई-अप्पा, नाशिकहून आलेत, त्यांना किती दिवस क्लेमेंटीतल्या फ्लॅटमध्ये कोंडून ठेवणार? नेलं म्युझियममध्ये. थेट शवपेटीच्या झाकणापाशी. मूळ इटलीत, इथे प्रतिकृती. भाजलेल्या मातीचे नवरा-बायको एकाच पलंगावर, डाव्या कोपरावर रेललेले, त्याचा हात तिच्या खांद्यावर. मेजवानी चाललीय.
अप्पा : "मेल्यावर कसले हसतायत?"
आई बराच वेळ बघत होत्या. "एकत्र जेवतायत होय गं?"
म्हटलं, हो. शेजारच्या ग्रीकांना याचंच नवल वाटायचं, बायको नवऱ्याबरोबर जेवते म्हणून.
"पण आडवं होऊन घास उतरतो का?"
एवढं वाचलं, हे कुठे वाचल्याचं आठवेना.

८ मार्च, रविवार
उतरतो!
हॉलमध्ये गादी घातली, उशा रचल्या. डावं कोपर उशीवर, उजवा हात मोकळा. थालीपीठ, लोणी, लोणचं. हातानं जेवणाऱ्याला अगदी सोयीचं. काटा-चमचावाल्यांचे मात्र हाल. अप्पांना राहवेना, "सरक, मला बघू दे." लोणी शर्टावर. मग आईंना, "अगं, तूही ये."
"इश्श! तुमचं होऊ दे आधी."
हे त्या रोजच म्हणतात. आज मी उलथनं काढून घेतलं त्यांच्या हातातून. आल्या मग. पदर सावरत अप्पांच्या पुढ्यात आडव्या झाल्या, थोडा वेळ नुसत्या लाजल्या, आणि मग अशा हसत सुटल्या की ठसकाच लागला. अप्पांनी पाठीवर हात ठेवला. ठसका थांबला तरी हात तिथेच.
संजूची इतकी आठवण आली की तव्यावरचं थालीपीठ जळलं.

११ मार्च, बुधवार
कौलं तीन वाक्यांत बसवली. जीव तुटला, पण बसवली. अप्पा संध्याकाळ झाली की विचारतात, "गादी?" आई डोळे वटारतात. गादी घातली जात नाही.

१४ मार्च, शनिवार
झाली फेरी. नोट्स पर्समध्येच. झाकणावरच्या त्या दोघांच्या हातात काहीतरी होतं, ते हरवलंय. पूर्वी मी अत्तर, डाळिंब अशा शक्यता सांगायचे. आज सगळ्यांना बाकाच्या पाठीवर डावं कोपर टेकायला लावलं आणि म्हटलं, उजव्या हातात तुम्हाला आवडेल ते घ्या. एक चिनी आजोबा ओरडले, "चिकन राइस!" त्यांची बायको त्यांना ढकलून पुढे झाली, इथल्या बोलीत, "मी फर्स्ट, लह!" हॉलभर हशा. गार्ड येऊन बघून गेला.
लिमबाई हसल्या नाहीत. काही लिहिलंही नाही. जाताना एवढंच, "हू टॉट यू धिस?"
"माय मदर-इन-लॉ."
"हम्म."
हम्म म्हणजे काय? निकाल शुक्रवारी ईमेलनं. तरी मी आज खूश आहे.
लगेच घरी जाववेना. नदीकाठी उगाच भटकले, घरी पोचायला उशीर झाला. दार आईंनी उघडलं. "तुझं झाकून ठेवलंय. आम्ही दोघं जेवलो."
लग्न होऊन आले तेव्हापासून आई कधी कुणाच्या आधी जेवलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.