डिकीतली जागा

शनिवार संध्याकाळ, कॅरी (अमेरिका)

जेवताना सईने तिच्या आवडत्या ब्रिटिश गायिकेचे सुरुवातीचे दिवस पुन्हा ऐकवले. पबमध्ये स्वतःची गाणी गायची, समोर अकरा माणसं, तीही चिप्स खाण्यात दंग. मी म्हटलं, "आपल्या इथल्या मराठी मंडळात तीनशे तरी बसतात. गाण्यानंतर जेवण असतं ना."

बायको हसली. सई नाही. "बाबा, हर डॅड कॅरीड द अ‍ॅम्प."

तिचे वडील गिटारचा जड अ‍ॅम्प उचलायचे. मग मी काय उचलतो? फक्त या डायरीची लेखणी, तीही टोमणे मारायला.

उद्या कॉफी शॉपमध्ये ती पहिल्यांदा स्वतःचं गाणं गाणार आहे. मला बोलावलेलं नाही. टॅक्सी सांगितली आहे म्हणे.

गणपतीपासून डिकीत पडलेली मंडळाच्या पत्रावळींची खोकी आत्ता गराजमध्ये ठेवून आलो. सईचा अ‍ॅम्प डिकीत बसतो, मापून पाहिलं. आता तिला विचारायचं तेवढं राहिलंय.