माझी नागपूरची फेलोशिप

१२ एप्रिल १९३४. सकाळ.
निर्णय झाला. जुलैत मी नागपूरला. तिथल्या एका ट्रस्टने, इतिहासात एम. ए. करून पुढे इतिहासच शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी फेलोशिप जाहीर केली आहे. अट एकच, बी. ए. मी इंटरला बसलो आहे. दोनदा. दोन्ही वेळचे गुण एकत्र केले तर सहज बी. ए. पर्यंत जातात.
धाकटी बहीण नंदा बी. ए. आहे, मुलींच्या शाळेत शिकवते. तिनेही अर्ज केला. हरकत नाही. घरातून एक राखीव असावा.

१५ एप्रिल.
अभ्यास सुरू. आमचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत जबलपूरला आले, तेव्हा निम्मा इतिहास घरचाच. उरलेला उद्यापासून.

२२ एप्रिल. दुपार.
ऊन फार. पुस्तकाला पुठ्ठा घातला. नंदाच्या टिपणांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. तिने विचारले, पानिपतची कारणं वाचलीस का? इंटरला दोन्ही वेळा तिथेच अडलो. वास्तविक कारण मला ठाऊक आहे. दुर्दैव. परीक्षकांना त्यावर पानभर हवे असते.

३० एप्रिल.
नंदाला ७ मे रोजी नमुना पाठासाठी बोलावले. इथल्याच एका शाळेत. पदवी नसल्याने माझा विचार करता येत नाही असे ट्रस्ट कळवतो. ‘सध्या’ हा शब्द राहून गेला असावा. प्रत्यक्ष पाहिल्यावर मत बदलेल.
आईने नंदाला बजावले की हे नाही जमले तर दिवाळीनंतर अमरावतीच्या स्थळाला होकार, मग शिक्षणाचे नाव काढायचे नाही. नंदा जेवली नाही. उन्हाळ्यात भूक मंदावते.

६ मे.
मुलगी एकटी कमिटीपुढे कशी जाणार? सोबतीला मी. कोटाला इस्त्री केली. आई म्हणाली, "तिथं काहून बोलायचं? चूप बसजो."

७ मे. संध्याकाळ.
शाळेला सुट्टी, विद्यार्थी कुठून आणणार? कमिटीचे प्रमुख अंबादासपंत म्हणाले, उमेदवारांसोबत आलेल्यांनीच बाकांवर बसावे. कुणाचे वडील, कुणाचे मामा. पहिल्या बाकावर मी.
नंदाने पानिपत घेतले. मराठे का हरले, असे विचारले. हात फक्त माझा वर. म्हणालो, दुर्दैव. पंतांनी चष्मा पुसायला घेतला. नंदाचा हात फळ्यावर तसाच राहिला. मग ती माझ्या बाकापाशी आली. वर्गात दादा नाही, नुसते नाव.
"श्रीपाद, समज, ओमती बाजारातली दुकानं उद्यापासून बंद. घरातले गहू कधीपर्यंत पुरतील?"
बाजार मीच करतो. "शनिवारपर्यंत. डाळ त्याआधीच संपून राहिली."
"आणि नर्मदेला आलेले यात्रेकरू घरी उतरले असतील तर?"
"तर उद्याच संपेल. मग उपाशीपोटी भांडणं."
"मराठ्यांबरोबर यात्रेकरूही होते, आणि रसद अब्दालीनं तोडली होती. आता सांग."
सांगितले. पानभर होईल इतके. मागच्या बाकावरचे मामा ‘अच्छा’ म्हणाले.
पाठ माझ्यामुळेच रंगला. कमिटीने मला पाहिले. फेलोशिप नक्की.

८ मे.
नागपूरच्या गाडीआधी अंबादासपंत स्वतः घरी आले. फेलोशिप नंदाला. आईला म्हणाले, पाठ पुष्कळांनी चांगले घेतले, पण पहिल्या बाकावरच्या मंद मुलाकडून उत्तर काढले ते हिनेच. तो मुलगा कोण, असे त्यांनी विचारले. आई म्हणाली, ठाऊक नाही. मी आतल्या खोलीत होतो.
पंतांची बाक ओळखण्यात चूक झाली. मंद ते मामा.

३ जुलै. नागपूर.
ठरल्याप्रमाणे जुलैत नागपूरला आलो. नंदाची वळकटी आणि ट्रंक घेऊन. वसतिगृहाच्या फाटकापुढे पुरुषांना मनाई. ट्रंक ती स्वतःच ओढत घेऊन गेली. मग परत आली नि म्हणाली, "दादा, यंदा इंटरला बस. पानिपत येतं आता तुला."
गाडीला वेळ होता. स्टेशनच्या बाकावर कारणे लिहून काढली. दुर्दैव खोडले नाही. शेवटी घातले.