कळवतो म्हणाले

आबा, तुमच्या दुकानाचं शटर मी परत उघडलंय. जळालेल्या मोटरींत नवी तार भरायला नाही, ते तुमच्या या लेकीला कधी जमलं नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरात मोबाईलला रेंज येत नाही आणि दुकान हायवेला लागून, म्हणून तुमच्या कामाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी इथून नोकरीच्या मुलाखती देते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली तरी त्या फळीत वार्निश मुरलेलं आहे, ऊन चढलं की वास सुटतो. दिवाळीनंतर पुण्याच्या कंपनीनं आमची अख्खी टीम बंद केली आणि मी मिरजगावला आले. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला अजून धड दिसत नाही, आणि तिला एकटं टाकून मला परत जायचं नाही. म्हणून एका कंपनीतली ही जागा हवी होती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तीस जणांची प्रमुख, आणि तेही घरी बसून. अशी जागा परत निघेल की नाही कोण जाणे.

सात फेऱ्या झाल्या, आबा. पहिल्या फेरीत एका मुलीनं मला माझाच बायोडाटा सांगायला लावला, जो तिच्यासमोर उघडा होता. दुसऱ्या फेरीत माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या साहेबांनी कोडं घातलं आणि मी ते सोडवत असताना ते दुसऱ्याच कुणाशी चॅट करत बसले. त्यांच्या चष्म्याच्या काचेत मला सगळं दिसत होतं. तिसऱ्या फेरीला कुणी आलंच नाही, मी पाऊण तास स्क्रीनवर स्वतःचं तोंड बघितलं. मग त्यांनी पहिल्या नव्वद दिवसांत काय करणार त्याचा आराखडा मागितला. मी आठ दिवस त्यात घातले, आईची डोळे दाखवायची तारीख पुढे ढकलली. चौथ्या फेरीत तो ज्यांच्यापुढे मांडायचा होता त्यांनी तो उघडलेलाच नव्हता, म्हणून पाचव्या फेरीत पुन्हा पहिल्यापासून मांडला. सहाव्या फेरीत विचारलं, तुम्ही वाहन असता तर कोणतं असता? तेवढ्यात बाहेरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून चालला होता. मी म्हटलं, हा ऐकू येतोय ना, हाच. ते हसले, त्यांनी लिहून घेतलं. मला हसू आलं नाही. सातव्या फेरीत सगळ्यांत वरचे साहेब गोड बोलले आणि दोन दिवसांत कळवतो म्हणाले.

त्याला सात आठवडे झाले. मी तीन मेल केले, फोन केले, एकाचंही उत्तर नाही. काल बघितलं तर त्याच जागेची जाहिरात पुन्हा लागलीये. आई रोज सकाळी चहाबरोबर विचारते, "काय म्हनली कंपनी?" मी म्हणते, कळवतो म्हणालेत. आज ती म्हणाली, "मग कळवत का न्हाईत? जिभा झडल्या का काय त्यांच्या?" मला इतका राग आलाय आबा, की चार दिवस मी कुणाशी सरळ बोललेली नाही. या सात आठवड्यांत दुसऱ्या दोन कंपन्यांनी विचारलं होतं. मी त्यांना थांबा म्हटलं, कारण इथलं होणारच असं धरून चालले होते. आता त्या दोन्हीही गेल्या. नाही घ्यायचं तर नका घेऊ, पण तोंडानं सांगा की. तेवढं म्हणायला यांना किती वेळ लागतो?

तुम्हाला एक दिवस लागायचा. दुकानात माणूस ठेवायचा झाला की तुम्ही टेबलाखालची एक जळालेली मोटर त्याच्यापुढे ठेवायचा. त्या मुद्दाम न भरता राखून ठेवलेल्या असायच्या. "भरायची न्हाई. ती का जळली तेवढं सांग. भरायचं मी शिकवीन," एवढंच तुम्ही बोलायचात. तो खोलतो, वास घेतो, बेअरिंग फिरवून बघतो, आणि तुम्ही आपलं काम करत राहता. दुपारी त्याला आपल्याबरोबर जेवायला बसवायचं आणि संध्याकाळच्या एसटीच्या आत हो किंवा नाही, समोरासमोर. नाही असेल तर का नाही, तेही मोटरीवर हात ठेवून दाखवायचं.

एकदाच ते काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत गल्ल्यावर बसायचे. पाथर्डीहून एक माणूस आला होता, तिशीचा, उसतोडीला जायचं सुटावं म्हणून हे काम शिकलेला. त्यानं मोटर खोलली, नीट बघितलीच नाही, आणि कारण विचारलं तर म्हणाला नवीन तार भरली की झालं. तुम्हाला एका विहिरीवर पंप काढायला जायचं होतं. जाता जाता तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "हात चांगलाय, पर बघत न्हाई. त्याला न्हाई म्हनून सांग, अन् का ते बी सांग." तो हात धुऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्याच्यानं नाही म्हणवेना. मी म्हटलं, आबा कळवतील.

तो चार दिवसांनी आला, तुम्ही नव्हतात. मी परत तेच म्हटलं. आठवड्यानं आला, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा तुम्ही दुकानात होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग त्याला बसवून तीच मोटर वर घेतलीत. "ह्या बघ, ह्या कॉइली काळ्या, अन् ह्या जशाच्या तशा. विजेच्या तीनातली एक फेज गेली हुती. नुसती भरून दिली असती तर आठ दिसांत परत जळाली असती." त्यानं मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याच दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शेवगावला एक जागा हुती, आता भरली." तो गेल्यावर तुम्ही आवाज चढवला नाहीत. "न्हाई म्हनलं की मानूस दुसरं दार बघतो. तू त्याला आपल्याच दाराशी उभं ठिवलंस," एवढं म्हणून तुम्ही तार गुंडाळायला लागलात. मी दोन दिवस नीट जेवले नाही.

आणि तरी, आबा. दोन वर्षांपूर्वी मी कंपनीच्या बाजूनं मुलाखती घेत होते. एक जण आला, आपल्याच भागातला. इंग्रजी बोलता बोलता मध्येच त्याच्या तोंडून "हाय की" निघालं आणि आम्ही दोघंही हसलो. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, नाही असलं तरी सांगा. दुसऱ्या एका कंपनीला शब्द देऊन थांबवलंय." मी म्हटलं, नक्की कळवते. मग वरून ती जागाच रद्द झाली. त्याचे तीन मेल आले. मी तिन्ही वाचले. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि मग इतके दिवस झाले की सांगायचीच लाज वाटायला लागली. माझेही तीनच मेल गेलेत, हे काल जाहिरात बघताना ध्यानात आलं.

या कंपनीला चार शिव्या हासडायला तुम्ही हवे होतात. पण खरं सांगायचं तर सकाळी शटर उघडून मी बसले ती त्या 'हाय की'वाल्याला लिहायला. त्याचा शेवटचा मेल उघडला, त्याचं नाव लिहिलं आणि पुढे सुचेना. मग ते नाव खोडून तिथं मी 'आबा' असं लिहिलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही हे मला माहीत होतं.